डबल आहे, देतोस का?

पत्र लांब होतं, थोडक्यात देते. "मी सांगलीच्या गावभागात राहतो, वय ४३, स्टेशनरीचं दुकान आहे. लहानपणापासून क्रिकेटची आणि डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं जमवली. २०१९च्या महापुरात ट्रंक पाण्याखाली गेली. दोनशेएक कार्डं वाचली, त्यातला एक गठ्ठा चिकटून वीट झालाय. हा छंद सांगलीत पुन्हा सुरू करावा म्हणून क्लब काढला, तर तीन जण आले, त्यातला एक माझा मेहुणा. मुलगा अकरा वर्षांचा, तो पोकेमॉनच्या कार्डांतून डोकं वर काढत नाही. परदेशी कार्डांचे बंद बॉक्स मागवले तर पोरं येतील असं वाटतं. चाळीस हजार बाजूला काढलेत. मुलाच्या कॉलेजपर्यंत त्यांची किंमतही वाढेल. बायको म्हणते, घरात आधीच रद्दी कमी आहे का? काय करू? — कार्डवेडा, सांगली."

कार्डवेडे भाऊ,

मेहुण्याला धरून तीन, हे वाचून आधी हसले. मग वाटलं, तीन काही वाईट नाहीत. अदलाबदलीला दोघं पुरतात, तिसरा भांडण सोडवायला.

त्या चाळीस हजारांचं आधी बोलते, कारण ते अजून तुमच्याकडेच असतील अशी आशा आहे. बॉक्स मागवू नका. आमच्या लहानपणी इथे साताऱ्यात दुकानादुकानांत सोरट असायचं. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, वर टांगलेलं मोठं बक्षीस, आणि दहा पैसे देऊन फाडलेल्या चिठ्ठीतून निघायची ती लिमलेटची गोळी. बंद बॉक्स म्हणजे मोठ्या माणसांचं सोरट. शेकडो कार्डांत एखादं चकचकीत, खेळाडूच्या सहीचं निघतं. उरलेली ज्या बेसबॉलवाल्यांची असतात त्यांना सांगलीत काळं कुत्रं ओळखत नाही. एखादं ठरावीक कार्ड हवंच असेल तर ते सुटं विकत घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि तुम्ही दुकानदार आहात. सोरट फाडणारा कधी श्रीमंत झालेला पाहिलाय का तुम्ही? शिवाय घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे. पाकीट फाडायची चटक एकदा लागली की आतल्या कार्डाशी कोणाला देणंघेणं राहत नाही.

किमतीचंही असंच आहे. अमेरिकेतल्या मिकी मँटल या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं १९५२चं एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. रुपयांत शंभर कोटींच्या घरात. असं काही वाचलं की ट्रंका आठवतात, मलाही आठवल्या. पण ते इतकं महाग का, तर १९५२च्या मोसमात शेवटी आलेला त्या कार्डांचा भाग खपलाच नाही. पेट्या गोदामात पडून राहिल्या आणि १९६०च्या सुमारास कंपनीच्या साय बर्गर यांनी त्या बार्जवर चढवून न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवल्या. हे त्यांनीच पुढे सांगितलं. घरोघरच्या आयांनी फेकली ती वेगळीच. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिकडे सगळ्यांच्या लक्षात आलं की जुन्या कार्डांना पैसे येतात. मग कंपन्यांनी भरमसाट छापलं आणि गिऱ्हाइकांनी प्रत्येक बॉक्स न फोडता कपाटात ठेवला. आज ते बॉक्स कोणी विचारत नाही. त्या काळाला तिकडचे लोकच 'जंक वॅक्स' म्हणतात, म्हणजे मेणकागदातली रद्दी. वहिनींचा शब्द तिथपर्यंत पोचलाय म्हणायचा. मुलाच्या कॉलेजसाठी वेगळं काहीतरी करा, पोस्टात खातं काढा, पण ते कार्डांच्या गळ्यात बांधू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणता छंद मेला. मला वाटतं कार्डं आहेत तिथेच आहेत, त्यांच्याभोवतीचा एक प्रश्न तेवढा ऐकू येईनासा झालाय: "डबल आहे, देतोस का?"

माझा धाकटा भाऊ बबलगमच्या पाकिटातली क्रिकेटची चित्रं जमवायचा. त्यांच्यावर धावा छापलेल्या असत. ठरावीक धावा झाल्या की ती चित्रं पोस्टाने पाठवायची आणि कंपनी एक पुस्तिका देणार. त्याला काही धावा कमी पडत होत्या, तर तेवढ्यासाठी तो पठ्ठ्या आमच्या पेठेतून पार दुसऱ्या टोकाला जाऊन, ज्यांच्याशी आमच्या घरचे बोलतही नसत अशा घराच्या पायरीवर बसून आला. मी सोबत होते, आईनेच पाठवलं होतं. समोरचा मुलगा अंगठ्याला थुंकी लावून चित्रं सरकवत होता आणि माझा भाऊ प्रत्येकाला "आहे, आहे, आहे" म्हणत होता. एका चित्राला तो गप्प झाला. तो गप्प झाला हे समोरच्याला कळलं आणि लगेच भाव वाढला, एकाला तीन. पाकीट पोस्टात पडलं, पुस्तिका आजतागायत आलेली नाही. पण त्या मुलाशी भावाची दोस्ती अजून आहे, गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे जेवून आलो.

तुमच्या क्लबात हे 'गप्प होणं' कुठे आहे? प्रत्येकाचं कार्ड प्लास्टिकमध्ये, प्रत्येकाला आपल्याच कार्डाची किंमत पाठ. मग अदलाबदल कशाची करणार? तिकडे तर कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र नीट मधोमध आहे का, हे तपासून १ ते १० गुण देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. परीक्षा पास झालेलं कार्ड पुन्हा कोणाच्या हाताला लागत नाही. ज्यांचा तो धंदा आहे त्यांनी करावा.

तुमच्या मुलाकडून सुरुवात करा. तो छंदाबाहेर नाही, तुमच्या घरात नियमित अदलाबदल करणारा तो एकटाच आहे. एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसा आणि पोकेमॉनचा खेळ त्याला शिकवायला सांगा. हरा. (मुद्दाम नको, आपोआप हराल.) मग हळूच विचारा की यातली खोटी कोणती. बाजारात नकली फार आहेत. खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधे एक गडद थर असतो, मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड सहसा आरपार येत नाही. नकली बऱ्याचदा चिमणीच्या काचेसारखं उजळतं. हा शोध लागला की पोरगं तुमची जुनी कार्डंही टॉर्चखाली धरायला मागेल. बाप आणि मुलगा एका बल्बखाली, तिथून पुढचं सोपं आहे.

माझी खरी सूचना मात्र वेगळीच आहे. तुमच्या जिल्ह्यात कार्डं आधीच छापली जातात, फक्त ती दहा फूट लांब असतात. यात्रेच्या कुस्ती मैदानाचा फ्लेक्स आठवा. एकीकडे एक पैलवान, समोर दुसरा, खाली तालीम, वस्तादांचं नाव, इनामाची रक्कम. वर देव, खाली देणगीदार, आणि कोपऱ्यात ज्याचा कुस्तीशी काडीचा संबंध नाही असा एक नगरसेवक. मैदान झालं की तो फ्लेक्स कोणाच्या तरी गोठ्यावर पावसाळ्यासाठी जातो. तो कापून लहान करा. एका यात्रेतल्या ठरलेल्या जोडींचे सोळा पैलवान, म्हणजे सोळा कार्डं. पुढे फोटो, पाठीमागे तालीम, वस्ताद, वजन आणि हुकमी डाव: घिस्सा, ढाक, एकलंगी, मोळी, ज्याचा जो असेल तो. अर्ध्या पोरांना डावांची नावंच माहीत नाहीत, ती इथून कळतील. आणि त्याखाली आठ-दहा रिकाम्या ओळी. तारीख, गाव, जोड, निकाल.

त्या ओळी कार्ड ज्याच्याकडे असेल त्याने भरायच्या. मैदानात बसून, बॉलपेनने, स्वतःच्या अक्षरात. "घिस्सा, सातव्या मिनिटाला, चितपट." परदेशी संग्राहकाच्या काळजाचा ठोका चुकेल, कारण पेनाची एक रेघ उमटली की त्याच्या लेखी कार्ड संपलं. इथे उलट होईल. कोरं कार्ड म्हणजे घरी बसलेल्याचं. लिहिलेलं कार्ड म्हणजे जो कुंडलच्या मैदानात उन्हात बसला होता त्याचं. दोन वर्षांनी तो पैलवान मोठा झाला, तर कोणतं कार्ड लोक मागतील? मी तरी लिहिलेलं मागेन. आणि पैलवानाने त्यावर सही केली तर विचारूच नका. कुस्ती नुरा वाटली तर तेही लिहा, हळूच.

वस्तादांना आधी भेटा, पैलवानाची आणि लहान असेल तर त्याच्या आईवडिलांची परवानगी लेखी घ्या, आणि छापलेल्यातली दहा-दहा कार्डं त्या पैलवानालाच द्या. ती त्याच्या गावात वाटली जातील. तुमची जाहिरात तिथेच झाली. नावाजलेल्या खेळाडूंचे फोटो इंटरनेटवरून उचलून कार्डं विकायचा मोह मात्र टाळा. फोटो कोणाचा तरी असतो, चेहरा तर त्या खेळाडूचाच असतो, आणि एखादी नोटीस आली की चाळीस हजार कुठल्या कुठे जातील. शाळेच्या चित्रकलेच्या सरांकडून रेखाटनं करून घ्या, ती आपल्यापुरती ठेवा, विकायची झाली तर परवानगी काढा.

रेखाटनांवरून आठवलं. दुसरा संच जिल्ह्यातल्या मोठ्यांचा करता येईल, आणि तो तुम्हाला फार शोधावा लागणार नाही. विजय हजारे सांगलीत जन्मले. १९४८ला ॲडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५, आणि १९५२ला मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. नंदू नाटेकर सांगलीचे, १९५६ला परदेशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर, दोघंही १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतले कुस्तीचे सुवर्णपदकवाले. पेठचे मुरलीकांत पेटकर, १९७२ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य मिळवणारा संकेत सरगर तर तुमच्याच गावचा. करगणीचा सचिन खिलारी २०२४ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य घेऊन आला. आणि स्मृती मानधना माधवनगरची, १९ वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात २०१३ला नाबाद २२४ करणारी. तुम्ही पत्रात लिहिलंय "मुली या छंदात येत नाहीत". अहो, कार्डांवर मुली होत्या का कधी?

आता तुम्ही खाशाबा जाधवांनाही संचात घालाल, म्हणून आधीच सांगते: गोळेश्वर कराड तालुक्यात आहे आणि कराड साताऱ्यात आहे. हेलसिंकीचं १९५२चं कांस्य आमचं. मोहीच्या ललिता बाबर आमच्या, बर्लिनला २०२३मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली अदिती स्वामी आमची. हवी असतील तर सातारचा संच निघाल्यावर बदलून घ्या. कार्डं जिवंत राहायला दोन गावांत एवढी खुमखुमी पाहिजेच.

हा संच नुसता बघायचा करू नका, खेळायचा करा. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांत छाती, दंड, वजन, लढती असायचं. इथे अडचण येईल, कारण हजारेंच्या धावा आणि मारुती मानेंचं वजन यांची टक्कर कशी लावणार? मी माझ्या भाच्यांबरोबर एक संध्याकाळ कागदाचे तुकडे करून, तुमचे आणि आमचे खेळाडू एकत्र घालून बघितलं. तीन रकाने चालतात. एक, त्या पराक्रमाच्या वेळचं वय. कमी तो जिंकला. अदितीचं कार्ड आलं की सगळे हात टेकतात. दोन, साल, जुनं ते वरचढ, तिथे हजारे भारी. तीन, गावापासून अंतर: कोणी घरापासून किती लांब जाऊन खेळ दाखवला. यात ललिता बाबरचं रिओ सगळ्यांना खातं, २०१६ला ती तिथे ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली होती. भाच्यांनी ॲटलास काढून हायडेलबर्ग आणि हेलसिंकी यातलं लांब कोणतं यावर वाद घातला. मोबाइल मी लपवून ठेवला होता.

छपाईचं सांगते, कारण इथे माणसं उगाच घाबरतात. कार्डाचं नेहमीचं माप अडीच बाय साडेतीन इंच. डिजिटल प्रिंटवाल्याकडे बारा बाय अठराचा कागद असतो, त्यात कटिंगची जागा सोडून अठरा कार्डं आरामात बसतात. ३०० जीएसएमचा आर्ट पेपर सांगा. लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला, मागे अजिबात नको, नाहीतर पेन उठणार नाही आणि निकालाच्या ओळींचा बट्ट्याबोळ होईल. आणि हे माझं आवडतं: पावतीपुस्तकं, बिलबुकं छापणाऱ्या जुन्या प्रेसमध्ये नंबरिंग मशीन असतं. प्रत्येक पावतीवर लाल आकडा उमटवतं ते. त्याच्याकडून कार्डाच्या मागे ००१ ते १०० नंबर मारून घ्या. परदेशी कंपन्या नंबर घातलेल्या कार्डांचे काय पैसे लावतात, आणि इथे ते काम सत्यनारायणाच्या वर्गणीच्या पावतीसारखं होतं. शंभरच छापा. एकशेएकावं मागायला कोणी आलं तर हात जोडा. चाळीस हजारांतला लहानसा तुकडा यात जाईल, बाकीचे वहिनींकडे द्या.

क्लबचं नाव, सभासद फी, अध्यक्ष-सचिव यांत वेळ घालवू नका. अध्यक्ष झाले की क्लब फुटतो. महिन्याचा एक रविवार, दुकानाचं शटर अर्धं वर, बाहेर एक सतरंजी. पैसे सतरंजीवर आणायचे नाहीत, कार्डाला कार्ड. लहान मुलाने मोठ्याशी केलेली अदलाबदल पुढच्या रविवारपर्यंत परत फिरवता येईल, हा एक नियम भिंतीवर लिहा. मुलं घरी गेल्यावर रडतात आणि आया दुकानात येतात, हा माझा अनुभव आहे. आणि तुमच्यासारख्या त्रेचाळीस वर्षांच्या खेळाडूने नऊ वर्षांच्या पोराला गुंडाळू नये म्हणूनही.

उरली तुमची पुरातली ट्रंक. वाचलेली कार्डं मऊ प्लास्टिकच्या जुन्या फोटो अल्बममध्ये ठेवू नका. ते पीव्हीसी असतं, ऊन-दमटपणात कार्डाच्या चकाकीला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मिळतात ती घ्या. रबरबँड काढून टाका, कडा कापतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळा संपला की बदला. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आणि गावभागात राहता तर माळ्यावर ठेवा, एवढं तुम्हाला कोयनेचा विसर्ग रोज ऐकणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं.

चिकटलेली वीट सोडवायच्या भानगडीत पडू नका. माझ्या भावाचा असाच एक भिजलेला गठ्ठा मी हौसेने ओढून सोडवला होता. कपिल देवचा अर्धा चेहरा निघून दुसऱ्याच कोणाच्या तरी पाठीवर जाऊन बसला, मिशीसकट. भावाने आठ दिवस तोंड उघडलं नाही. तुमची वीट आहे तशी राहू द्या. तिच्या कडेवर पाण्याची रेघ दिसत असेल. एक चिठ्ठी लावा: महापूर, ऑगस्ट २०१९, घर, किती फूट पाणी. सतरंजीच्या मधोमध ठेवा. ज्या पोरांना तेव्हाचं आठवत नाही ती पहिल्यांदा तिलाच हात लावतील, बघा.

यात्रांचे दिवस गुढीपाडव्यानंतर येतात, तोवर पैलवानांचे सोळा फोटो काढून होतील. आणि आमचं न ऐकता खाशाबांचं कार्ड छापलंतच, तर माझ्या पत्त्यावर दोन पाठवा. एक ठेवीन. दुसरं डबल.